काठीखालचं लाकूड

कला ही देहाची आहुती मागते, याबाबत आमच्या घरात कधीच दुमत नव्हतं. देह मयुराचा होता.

मयुरा आमची मुलगी. वय सोळा, इयत्ता अकरावी, भरतनाट्यमचं नववं वर्ष. ती सात वर्षांची असताना मोनालीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, तिला प्रताप नगरातल्या सत्यवतीताईंच्या क्लासला नेऊन घातलं. पोरीला जरा ताठ उभं राहता यावं, एवढाच हेतू होता. पोरगी ताठ उभी राहू लागली आणि मग थांबेचना. यंदा डिसेंबरात तिचं अरंगेत्रम ठरलं. अरंगेत्रम म्हणजे शिष्येनं पहिल्यांदा एकटीनं मंचावर अडीच तास नाचायचं आणि नातेवाइकांनी अडीच तास बसायचं. यातलं पहिलं जास्त कठीण समजलं जातं.

ते अकरावीतच उरकावं लागतं. पुढे बारावी असते, आणि बारावीत गेलेली मुलगी पुन्हा नाचायला परतल्याचं आमच्या ओळखीत तरी ऐकिवात नाही. तेव्हा यंदा झालं तर झालं. नाहीतर नऊ वर्षांचा नाच कपाटात, घुंगरांसकट.

म्हणून गणपती उठल्यापासून सराव वाढवला. आधी आठवड्यातून तीनदा दीड तास असायचा, तो रोज चार तास झाला. ऑक्टोबर लागला तसं मला दिसू लागलं की पोरगी जिना आडवी उतरते. फ्रीजरमधल्या मटाराची पिशवी जेवणात कमी आणि तिच्या डाव्या पायावर जास्त असायची. घराला फवाऱ्याच्या औषधाचा वास येऊ लागला.

"दुखतो का गं पाय?" मी विचारलं.

"थोडासा."

"नाचणाऱ्याचे पाय दुखायचेच," मोनाली आतून म्हणाली. "ताई काय म्हणतात, पाय दुखला की समजायचं, आता तो आपला झाला."

हे वाक्य मला फार आवडायचं. कॉलेजात स्टाफरूममध्ये मी ते दोनदा सांगितलं होतं. मी वाणिज्य शिकवतो, तिथं असली वाक्यं मिळत नाहीत.

दसऱ्यानंतरच्या सोमवारी मयुरा स्कूटीवरून उतरली, डावा पाय खाली टेकवला आणि स्कूटीसकट बसली. तेव्हा आम्ही डॉक्टरकडे गेलो.

डॉ. धम्मदीप गजभिये यांचा दवाखाना रामदासपेठेत. वय पस्तिशीचं, खेळाडूंची हाडं बघतात, स्वतः सकाळी पळतात. त्यांनी मयुराचा पाय मांडीवर घेतला.

"कधीपासून दुखून राहिलं?"

"पंधरा दिवस."

"खरं सांग."

"दीड महिना."

"घरी सांगितलं होतं?"

"हो."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या गुडघ्याच्या चित्राकडे पाहिलं.

त्यांनी पावलाच्या वर, दुसऱ्या बोटाच्या रेषेत, अंगठ्यानं दाबलं. मयुरानं टेबलाची कड धरली, आवाज काढला नाही. नऊ वर्षांत तिला हे उत्तम शिकवलं गेलं होतं.

एक्स-रेत काहीच निघालं नाही. मला आनंद झाला, त्यांना झाला नाही. नवी चीर एक्स-रेत दिसत नाही म्हणाले आणि एमआरआय करायला लावला. त्यात दिसली. पावलातल्या लांब हाडाला केसाएवढी चीर.

"पण ती पडली नाही कुठं," मी म्हणालो.

"पडायची गरज नाही सर. हाड रोज थोडं झिजते अन् आराम मिळाला की स्वतःले दुरुस्त करते. तुम्ही दुरुस्तीले सुटीच नाही ठेवली. दीड तासाचे एकदम चार तास? थंडीत मॅरेथॉन पळणारे काकालोक हेच करतात. पण ते पन्नाशीचे असतात, त्यांले कोणी सांगू शकत नाही."

रक्त तपासलं, तर 'ड' जीवनसत्त्व तळाला. मी म्हणालो, "नागपुरात? इथं तर पंचेचाळीस डिग्री ऊन असतं."

"ऊन बाहेर असते सर. पोरगी आत असते."

सहा आठवडे टणक तळव्याचा बूट, आठ आठवडे पाय आपटायचा नाही. मग एका पायावर उभं राहून टाच उचलायची, पंचवीस वेळा. "पंचवीस झाल्या अन् दुखलं नाही, तर नाच म्हणा. मधात दुखलं तर अजून दीड-दोन महिने थांबायचं, अन् मग हळूहळू. ते दुखणं मोजायचं मशीन नाही माझ्याकडं. तिलेच सांगावं लागेल."

मी कॅलेंडर पाहिलं. आठ आठवडे संपत होते त्याच आठवड्याच्या शेवटी अरंगेत्रम होतं. पत्रिका छापून आल्या होत्या. माझ्या काकूंनी पुण्याहून तिकीट काढलं होतं.

निघताना त्यांनी विचारलं, "क्लासची फरशी कशाची आहे?"

"ग्रॅनाइट," मी म्हणालो, आणि आवाजात नको तेवढा अभिमान आला. कारण ते ग्रॅनाइट मी बसवलं होतं. पाच वर्षांपूर्वी क्लासच्या पालक समितीचा अध्यक्ष झालो आणि जुनी मोझॅकची फरशी काढून गुरुपौर्णिमेला ताईंना काळंभोर ग्रॅनाइट भेट दिलं. 'कलेला भक्कम पाया हवा' असं मी त्या दिवशी भाषणात म्हणालो होतो. टाळ्या पडल्या होत्या.

डॉक्टरांनी ते कागदावर लिहून घेतलं, जसं आजाराचं नाव लिहितात.

आता ताईंना सांगायचं होतं. मयुरा म्हणाली, "बाबा, नका ना सांगू. म्हणा, मलेरिया झाला."

"बूट दिसेल ना."

"मलेरियात बूट नसतो का?" तिनं विचारलं आणि मग रडली.

सत्यवतीताई अठ्ठावन्न वर्षांच्या. मूळच्या रामटेकच्या. पाठ अजून ओळंब्यासारखी सरळ. गेली काही वर्षं त्या खुर्चीत बसून शिकवतात, हातात काठी, ताल काठीवर. गुरूनं बसूनच शिकवावं, त्यात एक भारदस्तपणा आहे, असं आम्ही पालक आपसांत म्हणत असू. क्लास पहिल्या मजल्यावर. सुरुवातीला सगळ्या मुली वाकून भूमीला नमस्कार करतात, की आता आम्ही तुला लाथा मारणार, क्षमा कर. भूमी मात्र तिथं नाही. ग्रॅनाइटखाली सिमेंट, सिमेंटखाली स्लॅब, आणि स्लॅबखाली वामनराव. पाटबंधारे खात्यातून निवृत्त, सव्वीस वर्षांचे भाडेकरू. क्षमा मागायचीच तर रीतसर त्यांची मागायला हवी होती.

ताईंनी सगळं ऐकलं. म्हणाल्या, "हा डॉक्टर नाचतो का?"

"पळतो."

"पळणं वेगळं. मी बोलते त्याच्याशी. उद्या न्याल मला?"

दुसऱ्या दिवशी मी पाऊण तास लवकर पोचलो. रस्ता मोकळा मिळाला, दुसरं कारण नव्हतं. खाली ओसरीत वामनराव पेपर वाचत होते. मी जिन्याकडे वळलो, तर त्यांनी पेपराच्या आडूनच हाक मारली. "सर, इकडं या. बसा. हे पान धरा."

"कशाला?"

"धरा तर."

मी पान धरलं. पानाच्या कडेवरून मला दिसलं. ताई जिना उतरत होत्या. तोंड जिन्याकडे, पाठ आमच्याकडे, दोन्ही हात कठड्यावर. एक पाय खाली, मग दुसरा त्याच पायरीवर. मग थांबायचं. लहान मूल पलंगावरून उतरतं तसं. अठरा पायऱ्या. मी वाणिज्यवाला, मोजल्या.

"अकरा वर्षं झाली," वामनराव पुटपुटले. "ताई उतरते तवा मी पेपर वाचतो."

"रोज?"

"कधी कधी पेपर कालचा असते."

खाली पोचल्यावर ताईंनी पदर सारखा केला, वळल्या, आणि ताठ चालत ओसरीपर्यंत आल्या. "अरे, तुम्ही आलात? मला वाटलं वेळ आहे."

"आत्ताच आलो," मी म्हणालो. वामनराव पान उलटण्यात गढून गेले होते.

रामदासपेठेत ताई डॉक्टरांच्या समोर बसल्या, मयुरा बाजूला, बूट पुढे करून. ताईंनी सुरुवात केली. "हे बघा डॉक्टर, पस्तीस वर्षांत माझ्याकडून अकराशे मुली शिकून गेल्या. पाय सगळ्यांचेच दुखतात. एक आठवडा हळदीचा लेप लावला की उभी राहते पोरगी."

"किती उभ्या राहिल्या ते माहीत आहे ताई. नाही राहिल्या त्या कुठं गेल्या?"

"लग्नं झाली."

"बरं." डॉक्टर मयुराकडे वळले. "तुमच्या सरावाचा व्हिडिओ आहे का गं? पाहू दे मले, पाय कसा पडते."

मयुरानं मोबाइल दिला. त्यात बारा मुली, समोर ताई. डॉक्टर बारकाईनं बघत होते. "ही गुडघे वाकवून पाय बाहेर काढायची बैठक, काय म्हणता तिले?"

"अरमंडी," ताई म्हणाल्या. "वळण कमरेतून यायला हवं, गुडघ्यातून नाही. मी पस्तीस वर्षं सांगते आहे."

"सांगता. मागच्या रांगेतल्या पाच पोरी गुडघ्यातूनच पिळून राहिल्या. त्या माझ्याकडं तिशीत येतील." मग त्यांनी व्हिडिओ थांबवला. पडदा बोटांनी मोठा केला. "हे काय आहे?"

"ताईंची काठी," मयुरा म्हणाली.

"काठी दिसली. काठीखाली?"

"लाकूड आहे. पाटीसारखं. त्याच्यावर ताई ताल देतात."

"काहून? फरशी आहे ना मस्त. ग्रॅनाइट."

मयुरानं माझ्याकडे पाहिलं, मी ताईंकडे. उत्तर मलाही माहीत होतं. पाच वर्षांपूर्वी ती पाटी मीच सागवानाची करवून घेतली होती.

"फरशीवर आपटली तर काठी फुटते," मयुरा म्हणाली.

डॉक्टरांनी ते वाक्य पुन्हा उच्चारलं नाही, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. त्यांनी फक्त मोबाइल टेबलावर ठेवला.

ताई म्हणाल्या, "आमच्या वेळी कुठं होतं लाकूड? आम्ही नाही का नाचलो?"

"कशावर नाचत होता तुम्ही?"

"रामटेकला. आमच्या गुरूबाईंच्या घरी."

"हाव, पण फरशी कशाची होती?"

ताई उत्तर द्यायला निघाल्या आणि मध्येच अडकल्या. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "फरशी नव्हती. माती होती. शनिवारी आम्हीच शेणानं सारवायचो."

"गुडघे तवा दुखत होते का?"

"डॉक्टर, आपण मयुराचं बोलतोय."

"बरं ताई."

परतताना मी ताईंना दाराशी सोडलं आणि लगेच निघालो. जिना चढताना कसं काय, ते पाहायचं नव्हतं मला.

पुढचं मयुराकडून कळलं. ती बूट घालून क्लासला जायची, बाजूला बसून बोल म्हणायची. बुधवारी ताईंनी सागवानी पाटी उचलून खिडकीत ठेवली आणि काठी थेट ग्रॅनाइटवर आपटून ताल द्यायला सुरुवात केली. आवाज इतका कडक यायला लागला की धाकट्या मुली दचकायच्या. कोणी विचारलं नाही. ताईंना विचारायची पद्धत नव्हती.

बुधवार, गुरुवार, शुक्रवार. शनिवारी दुसऱ्याच आवर्तनाला काठीला खालून वर वीतभर चीर गेली. ताईंनी ती उजेडात धरून पाहिली, दोन्हीकडून. मग मयुराला जवळ बोलावलं. "ही बाबांना दे. समितीचे अध्यक्ष आहेत ना."

"काय सांगू?"

"काही नको सांगू."

काठी आमच्या जेवणाच्या टेबलावर आली. मोनालीनं हातात घेतली, चिरीवरून नख फिरवलं. "तीन दिवसांत?" म्हणाली. मग फ्रीजरमधून मटाराची पिशवी काढून तिनं ती भाजीत ओतली. त्या दिवसापासून मटार पुन्हा जेवणात आले, आणि 'पाय आपला झाला' हे वाक्य आमच्या घरात कोणी उच्चारलं नाही.

मी समितीची बैठक घेतली. सूचक मी, अनुमोदक मी, कारण बाकीचे ग्रॅनाइटबद्दल मला चिडवण्यात गुंतले होते. रुपराव मिस्त्रीनं ग्रॅनाइटवर रबराचे तुकडे, त्यावर लाकडी पट्ट्या, त्यावर प्लायवूडचे दोन थर, असं आठ दिवसांत बसवलं. उभं राहिलं की पायाखाली किंचित दबतं, जसं कोणी ऐकून घेतं आहे. उद्घाटनाचं भाषण कोणी मला मागितलं नाही. रविवारची सुटी ठरली. सुरुवातीची पंधरा मिनिटं अंग गरम करायला आणि पोटऱ्यांच्या, मांड्यांच्या व्यायामाला ठरली. ती ताईंनी नाखुशीनं दिली. "नाच कधी करायचा मग?" असं त्या पहिल्या आठवड्यात रोज म्हणायच्या, दुसऱ्या आठवड्यात एकदा म्हणाल्या.

वामनरावांची मात्र तक्रार आली. "आवाज कमी झाला सर. दुपारची झोपच लागत नाही."

आठवा आठवडा संपला तो गुरुवार होता. रविवारी अरंगेत्रम. पाहुण्यांचे फोन येऊन राहिले होते, दागिने आले होते, काकू पुण्याहून येऊन बसल्या होत्या. टाचा कुठं उचलायच्या, असं मी डॉक्टरांना फोनवर विचारलं, तर ते म्हणाले, "जिथं ती खरं बोलंल तिथं."

मयुरा म्हणाली, "क्लासमध्ये."

मला ही जागा सगळ्यात वाईट वाटली. तिथं तिनं नऊ वर्षं खरं सांगितलं नव्हतं.

क्लासमध्ये त्या दिवशी ताई, मी, मोनाली आणि काकू. काकूंना उगाच आणलं. मयुरा भिंतीला दोन बोटं टेकवून डाव्या पायावर उभी राहिली. ताईंच्या हातात नवी काठी, पाटी पुन्हा जागेवर. ताईंनी ठेका धरला, संथ. एक. टाच वर, टाच खाली. दोन.

दहापर्यंत छान गेलं. काकू म्हणाल्या, "हे तर मीही करीन." मोनालीनं त्यांच्याकडे पाहिलं. बारा. तेरा. मयुराचा चेहरा कोरा होता, आणि तोच चेहरा मी ऑक्टोबरपासून बघत आलो होतो, जिना आडवी उतरताना. पंधराला तिनं ओठ आत घेतला. मी मनात मोजत होतो, आणि खरं सांगायचं तर पंचवीस व्हावेत म्हणून मोजत होतो. खोलीतल्या प्रत्येकाला पंचवीस हवे होते. सतरा. अठरा. सहा-सात राहिले, पोरी, काढ. एवढंच.

एकोणीसला टाच वर गेली आणि मयुरानं ती खाली टेकवली. मग दुसराही पाय टेकवला.

"ताई, दुखतंय."

काठी हवेत होती. ताईंनी ती पाटीवर न आपटता मांडीवर आडवी ठेवली.

"कुठं?"

"तिथंच."

"किती?"

"जास्त नाही. पण दुखतंय."

काकू म्हणाल्या, "अगं, एवढं तर—"

"तुम्ही थांबा," ताई म्हणाल्या. मग मयुराला म्हणाल्या, "इकडं ये. बस."

मयुरा खुर्चीजवळ लाकडावर बसली. तिचे डोळे भरले होते. मला वाटलं, ताई आता काही मोठं बोलतील, गुरूनं बोलावं तसं. त्या स्वतःच्या गुडघ्यांवर हात ठेवून बसल्या. आणि पस्तीस वर्षं क्लासमध्ये न वापरलेल्या रामटेकच्या बोलीत म्हणाल्या, "माहे बी दुखतात वं. लय दुखतात. अकरा वर्षं झाली."

"माहीत आहे ताई," मयुरा म्हणाली.

"कसं?"

"सगळ्यांनाच माहीत आहे."

ताईंनी आमच्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहिलं. पेपर हाताशी नव्हता.

"मले वाटलं, लपलं," ताई म्हणाल्या आणि हसल्या, म्हणजे नाकातून आवाज काढला. मग पुन्हा प्रमाण मराठीत आल्या. "रविवारचं रद्द. सर, सभागृहाला कळवा. पत्रिका माझ्या नावानं आहेत, लोकांना मी सांगते. आणि त्या डॉक्टरांना विचारा, गुडघे कोणत्या वारी बघतात."

रविवारी ते सभागृह एका कोचिंग क्लासला गेलं. तिथं गुणवंतांचा सत्कार झाला.

मयुरा फेब्रुवारीत पंचविसावर पोचली, एका सकाळी, घरातच, दात घासताना. मार्चच्या अखेरीला अकरावीची परीक्षा संपत होती आणि एप्रिलच्या चार तारखेला बारावीचे क्लास लागत होते. मध्ये सहा दिवस मोकळे होते. त्यातल्या एका दिवशी अरंगेत्रम ठेवलं. डॉक्टरांनी अट घातली होती की अडीच तास नाही, पन्नास मिनिटं. ताईंनी तीन रचना गाळल्या, आणि प्रत्येक गाळताना चेहरा असा केला की जणू दात काढून राहिल्या आहेत. सभागृहाचा मंच लाकडी आहे की नाही, हे पाहायला रुपराव आणि मी आदल्या दिवशी जाऊन तो बोटांनी वाजवून आलो.

ती नाचली. सुरुवातीला भूमीला नमस्कार केला, मग विंगेत खुर्चीवर बसलेल्या ताईंकडे वळली. ताईंचा गुडघ्याच्या ऑपरेशनचा दिवस मे महिन्यात ठरला होता. पन्नास मिनिटांत मी तिच्या चेहऱ्याकडे एकदाही पाहिलं नाही. सगळा वेळ डाव्या पायाकडे पाहत होतो. तो उजव्या पायासारखाच पडत होता. शेवटी ती वाकली, विंगेत गेली आणि मला हातानं खूण केली, दुखलं नाही म्हणून.

कार्यक्रम फार छान झाला असं सगळ्या पाहुण्यांचं मत पडलं. जेवण साडेआठलाच सुरू झालं होतं.